नक्की कुठली कमांड चालली, हे कुणाला विचारायचं?

परवाचा अख्खा शनिवार एका फुटकळ प्रोग्रामवर घालवला. कमांडचं नाव द्यायचं, आणि ते टाइप केल्यावर नक्की काय चालेल ते त्याने सांगायचं, बस्स! बायकोने विचारलं, "हे आधीच कुणी लिहिलेलं नसेल का?" आहे ना. १९७९ च्या थ्री-बीएसडी युनिक्सपासून 'व्हिच' आहे. पण माझं त्याच्याशी जुनं भांडण आहे.

झालं असं, की काही वर्षांपूर्वी आमच्या टीममधल्या एका ज्युनियर मुलाने रिपोर्टची स्क्रिप्ट लिहिली. सर्व्हरवर त्याने 'व्हिच पायथन' केलं, उत्तर आलं 'यूएसआर-बिन'मधलं पायथन. मग व्हर्जन विचारलं, तर ३. झकास! स्क्रिप्ट हाताने चालवली, आकडे बरोबर. मग ती क्रॉनमध्ये टाकली. रात्री तीच स्क्रिप्ट पायथन २ वर चालली. तिथे ७ भागिले २ म्हणजे ३, साडेतीन नाही. एरर काही नाही, फक्त आकडे चुकीचे. तेही दोन आठवडे.

मीटिंगमध्ये त्याला सगळ्यांनी झोडपलं. "'व्हिच' करून बघायचं ना आधी!" असं मीही ऐकवलं. बिचारा म्हणाला, "केलं होतं सर."

आता गंमत बघा. 'व्हिच'ने सांगितलेला पत्ता खरा होता, पण तिथे पायथन २ होतं. व्हर्जन ३ दाखवत होता तो एक एलियस, म्हणजे टोपणनाव. उबुंटूवरचा 'व्हिच' हा शेलच्या बाहेरचा प्रोग्राम, त्याला शेलमधले एलियस दिसतच नाहीत. आणि क्रॉनच्या शेलमध्ये ते लागू होत नाहीत. दोन खरी उत्तरं जोडून त्या पोराने एक खोटा निष्कर्ष काढला. कुणीही काढला असता.

असो. तर शनिवारचा प्रोग्राम. पहिला भाग सोपा. 'पाथ'मधली यादी कोलनवर तोडायची, एकेका डिरेक्टरीत त्या नावाची एक्झिक्युटेबल फाइल आहे का बघायचं, पहिली सापडली की छापायची. वीसेक ओळी, चहा गार व्हायच्या आत तयार.

घोडं अडलं ते एलियसपाशी. शेलने सुरू केलेल्या प्रोग्रामला एन्व्हायर्नमेंट व्हेरिएबल्स मिळतात, एलियस नाही. मग मी 'बॅशआरसी' फाइल वाचायला लागलो. थ्री-बीएसडीचा 'व्हिच' ही एक सी-शेल स्क्रिप्ट होती आणि तीही तुमची 'सीशआरसी' वाचायची! पण आत्ता हाताने दिलेला एलियस त्या फाइलीत कुठे असतो? ग्नूच्या 'व्हिच'ला एलियसची यादी पाइपने पुरवता येते. म्हणजे शेवटी शेललाच विचारायचं. मग सरळच विचारा की! बॅशमध्ये 'टाइप -ए' केलं की एलियस, फंक्शन, बिल्टइन, फाइल सगळं एका यादीत येतं, आणि वर असतं तेच चालतं. संध्याकाळी माझा प्रोग्राम डिलीट केला.

माझं मत विचाराल तर, अर्धं उत्तर ठामपणे देणारं टूल हे 'मला माहीत नाही' म्हणणाऱ्या टूलपेक्षा वाईट. २०२१ मध्ये डेबियनचा 'व्हिच' स्वतःच छापायला लागला होता, की स्क्रिप्टमध्ये मला वापरू नका, 'कमांड -व्ही' वापरा. त्यावर इतका वाद झाला की तो इशारा काढावा लागला. सवयी सुटत नाहीत हेच खरं.

पण खरी गोष्ट सांगायची राहिलीच. सर्व्हरवरच्या सामायिक लॉगिनमध्ये तो एलियस टाकला कुणी होता? मी! मीटिंगनंतर तासाभरात मला ते आठवलं. फाइल उघडली, ओळ पुसली आणि गप्प बसलो. त्या मुलाने वर्षभरात कंपनी सोडली. का सोडली ते विचारायचं धाडस मला झालं नाही. अर्धं उत्तर ठामपणे देण्यात मी त्या 'व्हिच'पेक्षा काय वेगळा होतो?

रविवारी त्याला मेल लिहिली. फार उशीर झालाय, ठाऊक आहे. तुमच्याही सर्व्हरवर सामायिक लॉगिन असेल, तर सोमवारी गेल्यागेल्या एकदा 'एलियस' टाइप करून बघा. कुणाची कुठली ओळ तिथे पडली असेल, सांगता येत नाही. कदाचित तुमचीच.