जीएसटी उतरला, मग ताई तुमचा भाव?

मैत्रिणींनो, आमच्या रावेर-यावल भागात केळीला काय तोटा! जळगावच्या केळीला २०१६ साली भौगोलिक मानांकन मिळालं. पण सालीवर काळे ठिपके पडले की घरात त्या केळाला कुणी हात लावत नाही. खरं तर तेव्हाच त्यातल्या पिठाची साखर झालेली असते. आमच्या बचत गटातल्या एका ताईंनी हे बरोबर हेरलं आणि केळ्याचे आइसिंगवाले बार करून विकायला सुरुवात केली.

कृती साधी. चार पिकलेली केळी कुस्करायची. त्यात पाव किलो मैदा, दोनशे ग्रॅम साखर, शंभर ग्रॅम बटर, अर्धी वाटी दही आणि चमचाभर सोडा घालायचा. ओव्हनमध्ये १८० अंशांवर साधारण अर्धा तास. पूर्ण गार झाल्यावरच वर आइसिंग लावायचं, नाहीतर ते वितळून ओघळतं. अमेरिकेत यासाठी क्रीम चीज वापरतात, ताई आपला घरचा चक्का, बटर आणि पिठीसाखर फेटून घेतात. एका ट्रेचे २४ तुकडे, सहा-सहाचे चार डबे, डबा ९० रुपयांना.

२०२५ च्या दिवाळीत ताई माझ्याकडे रडवेल्या होऊन आल्या. गिऱ्हाईक म्हणू लागलं, "केकवरचा जीएसटी उतरला ना? मग तुमचा भाव तोच कसा?" ताईंनी डबा ८० ला केला. महिनाअखेरीस हातात काहीच उरेना.

गिऱ्हाइकाचं म्हणणं अर्धं खरं होतं. २२ सप्टेंबर २०२५ पासून केक-बिस्किटांवरचा कर १८ वरून ५ टक्क्यांवर आला. म्हणजे कर धरून ११८ रुपयांची वस्तू १०५ ला मिळायला हवी, साधारण ११ टक्के स्वस्त. पण ताईंनी हा कर कधी घेतलाच नव्हता! महाराष्ट्रात मालाची वार्षिक उलाढाल ४० लाखांच्या आत असेल तर जीएसटीची नोंदणी सहसा लागत नाही. जो कर घेतलाच नाही, तो कमी कसा करणार?

मग ताईंचा काहीच फायदा झाला नाही का? झाला, पण थोडा. बटर आणि पुठ्ठ्याचे डबे यांवरचा कर १२ वरून ५ वर आला. आम्ही दोघी वही घेऊन बसलो. एका ट्रेला पूर्वी सगळं धरून २५० रुपये खर्च येई. बटरमागे सहा आणि डब्यांमागे दोन, असे आठ रुपये वाचले. ताईंनी भाव मात्र ट्रेमागे चाळीस रुपयांनी उतरवला! पूर्वी ११० रुपये सुटत, आता ७८. तीन तासांच्या राबण्याचे तासाला २६ रुपये.

आणखी एक गोष्ट. दुकानाच्या केकवर १८ टक्के कर होता, तेव्हा घरच्या मालाला तेवढी आपोआप सवलत होती. आता ती कमी झाली. दुकानाशी नुसत्या भावावर झुंजायला गेलो तर आपण हरणार, हे घरून विकणाऱ्या प्रत्येकीने ओळखायला हवं. ताजेपणा, बिनअंड्याचं, घरचा चक्का, हे आपलं बळ. तेच गिऱ्हाइकाला सांगायचं.

ताईंच्या घरी मात्र वेगळंच ऐकू आलं. "केळी घरची, चक्का घरचा, हात घरचे. तोटा कसला?" घरची केळी बाजारात गेली असती तर पैसे आलेच असते ना? मग वहीत त्यांची किंमत लिहायची. आणि हातांची मजुरी तर सगळ्यात आधी लिहायची.

शिवाय विक्री करायची तर अन्नसुरक्षा कायद्याखाली एफएसएसएआयची नोंदणी हवीच. ती स्वतःच्या नावाने करा, बँकेतलं खातंही स्वतःचं ठेवा. डब्यावर तयार केल्याची तारीख टाका. चक्क्याचं आइसिंग बाहेर टिकत नाही, तेव्हा फ्रिजमध्ये ठेवायला आवर्जून सांगा.

ताईंनी डबा पुन्हा ९० ला केला. दोन गिऱ्हाइकं तुटली, बाकीची राहिली. परवा त्यांनी वही दाखवली. पहिल्या रकान्यात लिहिलं होतं, "माझी मजुरी".