डीएड झालं, पण गुरुजी झाला का?

थोडं लांबलंय. पण घरात कोणी बारावीला असेल तर शेवटपर्यंत वाचा.

नोव्हेंबरात टीईटीच्या दिवशी परीक्षा केंद्राबाहेर बातमीसाठी उभा होतो. गेटवर हॉल तिकीट तपासायची रांग लागली होती. पंचविशीतली पोरंपोरी, हातात पाण्याच्या बाटल्या, शेवटच्या मिनिटाची घोकंपट्टी चाललेली. त्याच रांगेत माझ्या ओळखीचे एक गुरुजी दिसले. वय ५१. जिल्हा परिषदेच्या शाळेवर २७ वर्षं झाली. मला बघून त्यांनी हॉल तिकिटाची घडी घालून खिशात ठेवली.

"फोटो काढणार का?" त्यांनी विचारलं.

म्हणलं, "काढावा लागतो."

"मग मला त्यात घेऊ नका. माझे दोन विद्यार्थी आहेत या रांगेत."

मी फोटो काढलाच नाही. बातमी चार ओळींची गेली.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगतो. १ सप्टेंबर २०२५ ला सर्वोच्च न्यायालयाने निकाल दिला. निवृत्तीला पाच वर्षांपेक्षा जास्त काळ उरलेल्या, नोकरीत असलेल्या शिक्षकांनाही दोन वर्षांत टीईटी पास व्हावं लागेल. पाचपेक्षा कमी वर्षं उरलेल्यांची नोकरी राहील, पण टीईटीशिवाय बढती नाही.

निकालानंतर आमच्या गावात दोन पार्ट्या पडल्या. एक म्हणते, "एवढा पगार घेतात, एक परीक्षा द्यायला काय जातं?" दुसरी म्हणते, "आम्ही लागलो तेव्हाच्या नियमाने लागलो. आता खेळ अर्ध्यावर आला आणि नियम बदलला." मला दोघांचंही थोडं थोडं पटतं. पण दोघंही भांडतायत ते परीक्षेवर. माणूस गुरुजी बनतो कसा, यावर कोणीच बोलत नाही.

माझ्या थोरल्या भावाने १९९६ ला डीएडला प्रवेश घेतला. त्या दोन वर्षांत तो आमच्या डोळ्यांदेखत बदलला. रात्री कंदिलाजवळ बसून पाठाचं टाचण काढायचा, तक्ते रंगवायचा, घराच्या मागच्या भिंतीवर खडूने अक्षर गिरवायचा. सराव पाठाला तो वर्गात उभा राहिला की मागच्या बाकावर त्याचे सर निरीक्षण वही घेऊन बसायचे. एकदा त्यांनी शेरा लिहिला होता, 'फळ्याशी बोलता, मुलांशी बोला.' दुसऱ्या वेळी सांगितलं, "समजलं का, असं विचारू नका. पोरं हो म्हणतात. तुम्हीच प्रश्न विचारा, म्हणजे कळेल समजलं का ते." हे भावाने मला इतक्या वेळा ऐकवलंय की मी डीएड न करताच ते शिकलो. नोकरी लागायच्या आधीच गल्लीतले लोक त्याला गुरुजी म्हणायला लागले होते. कारण तो तसा वागायला लागला होता.

हे काही नवीन नाही. सावित्रीबाई फुल्यांनीसुद्धा आधी शिकवायचं कसं याचं शिक्षण घेतलं, अहमदनगरला फरारबाईंकडे आणि पुण्यात. स्वतःला येणं वेगळं आणि दुसऱ्याला शिकवता येणं वेगळं, हे पावणेदोनशे वर्षांपूर्वी कळलं होतं.

मग २००० साल आलं. शिक्षण सेवक योजना आली. प्राथमिकला महिना ३,००० रुपये मानधन, तीन वर्षं काढली की कायम. पैसा कमी, पण पुढे सरकारी नोकरी. बारावीला चांगले टक्के पडलेली पोरं डीएडच्या रांगेत उभी राहिली. आणि मागणी दिसल्यावर आपल्याकडे काय होतं ते तुम्हाला माहीत आहे. तालुक्या-तालुक्यात डीएड कॉलेजं निघाली. खाली दुकानाचे गाळे आणि वर अध्यापक विद्यालय.

आता माझी गोष्ट सांगतो, कारण ती न सांगता हे लिहिणं बरोबर नाही.

२००७ ला मी एका दैनिकाचा तालुका प्रतिनिधी होतो. तालुका प्रतिनिधी म्हणजे बातमी द्यायची आणि जाहिरातही आणायची. जाहिरातीवर कमिशन. एका संस्थाचालकाच्या वाढदिवसाला पानभर पुरवणी निघाली. 'शिक्षणमहर्षी' वगैरे सगळं. ते पान मी लिहिलं. त्यांच्या डीएड कॉलेजात सराव पाठ फक्त वहीत होतात, पोरं परीक्षेपुरती येतात, हे मला माहीत होतं. तिथल्याच एका पोराने मला सांगितलं होतं. मी ते लिहिलं नाही. त्या कमिशनमधून माझ्या गाडीचे दोन हप्ते गेले.

मी पत्रकारितेची पदविका केलेला माणूस. आमचे एक सर बातमीत 'असे समजते' दिसलं की लाल पेनाने गोल करायचे आणि विचारायचे, "कोणाकडून समजलं? नाव सांग." वर्षभर त्या लाल पेनाने मला पत्रकार बनवलं. पण पेपरात लागल्यावर माझी कॉपी तशी बघणारं कोणी उरलं नाही. दर महिन्याला एकच विचारणा, जाहिरातीचं टार्गेट किती झालं. शिकलेलं विसरायला मला तीन वर्षंही लागली नाहीत. म्हणून मी शिक्षकांना नावं ठेवताना जरा जपून बोलतो. धंदा शिकवावा लागतो, आणि शिकवल्यावर कोणीतरी तो जपावाही लागतो.

त्या डीएडच्या पोरांचं पुढे काय झालं? ऑक्टोबर २०११ ला पटपडताळणी झाली, बोगस पट उघडा पडला. २०१२ नंतर भरती जवळजवळ थांबली. २०१३ ला राज्यात पहिली टीईटी झाली. २०१७ ला त्यावर आणखी एक परीक्षा आली, टेट, म्हणजे अभियोग्यता चाचणी, २०० गुणांची. डीएड केलं, टीईटी दिली, टेट दिली, मग पोर्टलवर नाव यायची वाट बघत बसायचं. त्या काळातला एक जण आमच्या बाजारपेठेत मोबाइल दुरुस्तीचं दुकान चालवतो. दुकानाबाहेरच्या काळ्या बोर्डावर त्याने दर लिहिलेत, अक्षर बघत राहावं असं. लोक त्याला अजून 'सर' म्हणतात. परवा तो मला म्हणाला, "सर म्हणू नका म्हणून सांगता येत नाही, आणि ऐकवतही नाही."

माझं म्हणणं एवढंच आहे. प्रशिक्षणावरचा विश्वास उडाला, म्हणून परीक्षा आली. डीएडचा कागद विकला गेला नसता तर टीईटीची एवढी गरजच पडली नसती. बरं, परीक्षेने तरी प्रश्न सुटला का? २०१९-२० च्या टीईटीत गैरप्रकार झाला आणि २०२२ ला ७,८८० उमेदवारांवर कारवाई झाली. म्हणजे कागद विकला जातो, तसे मार्कही विकले जातात.

मी टीईटीच्या विरोधात नाही. ज्याला अपूर्णांक येत नाहीत त्याने पाचवीला गणित शिकवू नये. १५० प्रश्न, १५० गुण, असू द्या. पण त्या १५० प्रश्नांतून गुरुजींना काय माहीत आहे एवढंच कळतं. ज्यांचा फोटो मी काढला नाही ते गुरुजी तांड्यावरच्या शाळेत होते तेव्हा पहिलीच्या पोरांना मराठी येत नव्हतं. यांनी आधी त्यांच्या बोलीतले आकडे शिकून घेतले, मग मराठीतले शिकवले. दिवाळीनंतर अर्धी पोरं आईबापासोबत ऊसतोडीला जायची. यांनी आजी-आजोबांना समजावून त्यातली काही गावात ठेवून घेतली. हे कुठल्या पर्यायाला गोल करून सांगायचं? अ, ब, क की ड?

आणि उलटंही खरं आहे. २७ वर्षं फळ्याशीच बोलणारेही गुरुजी आहेत. उद्या ते ९० मार्क पाडतील आणि परवा परत फळ्याशीच बोलतील. त्यांनाही ही परीक्षा सोडवत नाही, पोरांना तर नाहीच.

म्हणून परीक्षा घ्या, पण मागचा बाकही परत आणा. जिल्हा शिक्षण व प्रशिक्षण संस्था आहे कशासाठी? वर्गात जाऊन बसा, पाठ बघा, चुकलं तर सांगा, महिन्याने परत या. तेही खोटं करता येतं, मला माहीत आहे, वह्या भरताना मी बघितलंय. पण ते तपासणं सोपं आहे. शाळेत जाऊन पोरांना विचारायचं, तुमच्या वर्गात कोणी बसलं होतं का? पोरं खोटं बोलत नाहीत.

आता आईबापांसाठी. डीएडचा हंगाम गेला, आता फार्मसी आणि नर्सिंगचे बोर्ड लागलेत. डी.फार्मवर २०२२ मध्ये एक्झिट परीक्षेचा नियम आला. ओळखीची चाल वाटतेय ना? आधी कॉलेजं वाढतात, मग कागदावरचा विश्वास जातो, मग वरून परीक्षा येते, आणि फी भरून बसलेलं पोरगं मध्ये अडकतं.

प्रवेश घ्यायच्या आधी कॉलेजची इमारत बघू नका, माहितीपत्रक बघू नका. तीन गोष्टी विचारा. पोरं प्रत्यक्ष काम कुठे शिकतात? आठवड्याला किती वेळ? आणि काम करताना चूक दाखवायला तिथे कोण उभं असतं? मग त्या शाळेत, त्या दवाखान्यात, त्या दुकानात स्वतः जा आणि विचारा की या कॉलेजची पोरं येतात का. गाडीला किक मारा, अर्ध्या दिवसाचं काम आहे. तुमच्या दोन लाखांचा आणि पोराच्या दोन वर्षांचा प्रश्न आहे.

हे मी २००७ ला विचारायला पाहिजे होतं. यंदा जूनमध्ये प्रवेश सुरू व्हायच्या आधी तालुक्यातल्या प्रत्येक कॉलेजला विचारणार आहे आणि जे उत्तर मिळेल ते इथे नावानिशी टाकणार आहे. 'असे समजते' लिहिणार नाही. कोणाला आतली माहिती असेल तर मेसेज करा, नाव बाहेर जाणार नाही.

जाहिराती बंद होतील, माहीत आहे. गाडीचे हप्ते आता फिटलेत.