स्विच बंद केला म्हणजे करंट गेला असं नाही!

जुनं व्हिडिओ गेमचं कॅबिनेट घेऊन गेम कॉर्नर टाकायचाय, असं सांगणारे हल्ली बरेच भेटतात. आयडिया चांगली आहे. पण पुढचं वाक्य ठरलेलं असतं, "स्क्रीन बिघडली तर व्हिडिओ बघून आपणच उघडू, मेकॅनिकचे पैसे वाचतील." माझं स्पष्ट मत आहे, हे पैसे वाचवायचे नाहीत.

आत जुन्या टीव्हीसारखी पिक्चर ट्यूब असते. रंगीत ट्यूबला साधारण २० ते २५ हजार व्होल्ट लागतात आणि प्लग काढल्यावरही तिच्यात चार्ज राहू शकतो. पॉवर सप्लायच्या मोठ्या कपॅसिटरमध्ये ३०० व्होल्टच्या वर डीसी असतो, तो वेगळाच. झटका बसून हात मागे आला आणि ट्यूबच्या मानेवर आपटला, तर ट्यूबही गेली.

मी स्वतः एकदा दुकानातल्या पोराला म्हणालो होतो, "जरा मागचं झाकण काढून बघ." शेजारचे टीव्हीवाले काका ओरडले म्हणून त्याचा हात थांबला. तेव्हापासून हे वाक्य माझ्या दुकानात बंद आहे.

मग तुम्ही काय करायचं? झाकण न उघडता लक्षणं ओळखा. आवाज येतोय पण चित्र नाही, तर बिघाड बहुधा मॉनिटरच्या बाजूला. मधोमध एकच आडवी रेघ दिसली, तर लगेच बंद करा, नाहीतर पडद्यावर कायमचा डाग पडेल. आपल्या पनवेलच्या पावसाळ्यात आतून चटचट आवाज आला, तर धूळ आणि ओल आहे, मशीन चालवू नका. फ्यूज वारंवार उडतोय म्हणून जास्त अँपिअरचा टाकू नका.

मेकॅनिकही पारखून घ्या. चांगला माणूस आधी प्लग काढतो, ट्यूबच्या अर्थ वायरला जोडलेल्या इन्सुलेटेड स्क्रूड्रायव्हरने रबरी कपाखाली चार्ज उतरवतो आणि थोड्या वेळाने पुन्हा उतरवतो, कारण थोडा चार्ज परत जमतो. आयसोलेशन ट्रान्सफॉर्मर जागेवर आहे का, तेही त्याला बघायला सांगा. मेलेली ट्यूब भंगारात फोडायला देऊ नका, काचेत शिसं असतं. अधिकृत ई-कचरा रिसायकलरकडेच द्या.

मशीन घेण्याआधी मेकॅनिक शोधा. हे काम येणारे आता कमी राहिलेत. त्यांची मजुरी धंद्याच्या खर्चात पहिल्या दिवसापासून धरा. ती परवडत नसेल, तर ते मशीनच तुम्हाला परवडत नाही. हिशोब इतका सोपा आहे.