सायलेन्सर बदलावा काय?

दिवाळी अंकासाठी लिहायला बसावे आणि विषय निघावा सायलेन्सरचा, हे पुष्कळांना रुचणार नाही. फराळाच्या ताटात कुणी इंजिनाचे वंगण वाढावे तसे त्यांना वाटेल. पण गेले सहा महिने या विषयाने माझी पाठ सोडलेली नाही, आणि तो माझ्या गळ्यात घातला तो माझ्याच एका जुन्या विद्यार्थ्याने. तेव्हा उत्तर देणे भाग आहे.

त्याला आपण बाळू म्हणू. बाळू मिरजोळ्याच्या औद्योगिक वसाहतीत पाळीवर कामाला आहे. हप्त्याने त्याने साडेतीनशेची बुलेट घेतली आणि पहिला नमस्कार मला घालायला आला. पडवीत चहा घेता घेता म्हणाला, "सर, कंपनीचा सायलेन्सर काढून दुसरा घालायचा म्हणतोय. मिस्त्री नऊ हजार सांगतो. घालू काय?"

"मुळीच नको," मी म्हणालो.

"का पण?"

आणि वाचकहो, मी अडलो. वर्गात मुलांना 'कारण द्या' म्हणून छळणारा मी. पण 'मला त्रास होतो' यापलीकडे माझ्याजवळ कारण नव्हते. त्रास मला होतो, तर नऊ हजार बाळूने का वाचवावेत? तेव्हा मी त्याच्याकडून मुदत मागून घेतली. माझे पदार्थविज्ञान दहावीच्या पुस्तकापलीकडे कधी गेले नाही. म्हणून एका ओळखीच्या मिस्त्रीच्या गॅरेजात स्टुलावर बसून शिकलो. त्यातून जे हाती लागले ते आज जाहीरपणे मांडतो आहे. बाळूच्या वयाची मुले घरोघर आहेत, आणि दिवाळीला ती घरी येतात.

प्रथम हे नळकांडे करते काय ते पाहू. बुलेटसारखे एका सिलिंडरचे इंजिन दर दोन फेऱ्यांमागे एकदा जळका वायू बाहेर टाकते. मिनिटाला ३००० फेरे धरले तर सेकंदाला २५ वेळा. झडप उघडली की दाबाखालचा तप्त वायू एकदम सुटतो, आणि त्या सुटण्याचाच आवाज होतो. सायलेन्सरच्या पोटात भोकांच्या नळ्या असतात, आडवे पडदे असतात, लहानमोठे कप्पे असतात. आवाजाच्या लाटा त्यांवर आपटून परततात आणि एकमेकींना मारतात. वायू निघून जातो, आवाज बराचसा आतच विरतो. बाजारात जे 'पंजाब' आणि 'इंदोरी' अशा नावांनी विकले जाते, त्याच्या पोटात यातले बहुतेक काही नसते. थोडक्यात, बाळू नऊ हजार देऊन एक पोकळी विकत घेणार.

आता मिस्त्रीमंडळींचा पहिला मुद्दा: "इंजिनाला श्वास मोकळा मिळतो, गाडी पळते." हा मुद्दा अगदीच खोटा नाही, आणि खोटा नसलेला मुद्दा हसून उडवणे मला शोभणार नाही. कारखान्याची नळी ही तडजोड असते. आवाज, धूर, किंमत आणि टिकाऊपणा या चौघांना सांभाळून ती केलेली असते. ती जडही असते. शर्यतीच्या मोटारीला हलकी, मोकळी नळी लावतात, तिच्याबरोबर इंधनाचे मापही बदलतात, आणि त्याचा लाभ दिसतो. चेन्नईजवळ इरुंगट्टुकोट्टईला किंवा कोइंबतूरजवळच्या करी मोटर स्पीडवेवर जो सेकंदाच्या दहाव्या हिश्शासाठी झुंजतो त्याने ती खुशाल लावावी. तिथे समोर शाळा नसते आणि मागे इस्पितळ नसते.

पण बाळूची गाडी वीस अश्वशक्तीची. नुसती नळी बदलून तिच्यात फार तर एखाद्या अश्वशक्तीची भर पडेल, तीही पडलीच तर. कारण नळीची लांबीरुंदी उगाच ठरवलेली नसते. बाहेर गेलेल्या वायूची लाट परत येताना सिलिंडरमधला उरलासुरला वायू ओढून नेईल, अशा बेताने ती जुळवलेली असते. वाटेल तशी रुंद नळी ठोकली की ही ओढ बिघडते, आणि बिघडते ती नेमकी कमी फेऱ्यांवर. म्हणजे आंबा घाट चढताना जेव्हा तिची गरज असते तेव्हा. शिवाय इंधनाचे माप जुन्याच नळीच्या हिशेबाचे राहते. मग गाडी सोडताना मागून जे फटाके फुटतात आणि ज्यांवर पोरे खूश होतात, ते फटाके म्हणजे इंजिनात न जळलेले पेट्रोल नळीत पेटते ते होय. बाळूच्या पगारातून आलेले पेट्रोल गाडी पुढे नेण्याऐवजी रस्त्याला टाळी वाजवून दाखवते!

आणखी एक. १ एप्रिल २०२० पासून आपल्याकडे बीएस-सहाची धुराची मानके आली. नव्या गाड्यांच्या नळीत कॅटॅलिटिक कन्व्हर्टर बसवलेला असतो. प्लॅटिनम, पॅलॅडियम, ऱ्होडियम अशा मोलाच्या धातूंचा लेप त्यात असतो आणि तो विषारी वायूंचे बरेचसे सौम्य वायूंत रूपांतर करतो. पूर्ण नळी बदलली की तोही गेला. मोल देऊन घेतलेली वस्तू काढायची आणि पुन्हा मोल देऊन तिच्या जागी काही नाही ते बसवायचे, या व्यवहाराला माझ्या आजीने काय म्हटले असते ते इथे छापता येणार नाही.

दुसरा मुद्दा हळवा आहे. "सर, बुलेट म्हणजे तिचा आवाज!" यावर मी हसलो नाही. १९५५ पासून मद्रासेत ही गाडी तयार होऊ लागली. फौजदार, पाटील, गावचे डॉक्टर यांची ती गाडी. ती वळणाआड असतानाच ओळखू यायची. पण त्या धडधडीचे मूळ कुठे आहे? एकच मोठा सिलिंडर, दट्ट्याची लांब धाव, जड चाक, आणि कमी फेऱ्यांत शांतपणे ओढणारे इंजिन, यांत ते आहे. तो आवाज कंपनीच्या नळीतूनही ऐकू येतोच. नवी नळी त्यात बुलेटचे काहीच मिळवत नाही. चांगल्या गवयाच्या तोंडापुढे कर्णा धरला तर त्याचे गाणे वाढत नाही, कर्कशपणा वाढतो.

तिसरा मुद्दा सुरक्षिततेचा: आवाज ऐकून लोक बाजूला होतात. पण नळीचे तोंड मागे असते. ज्याने बाजूला व्हायचे तो असतो पुढे, बहुधा काचा लावून, गार हवेत, गाणी ऐकत. ऐकू येते ते ओलांडून गेलेल्यांना. नऊ हजारांत चांगले शिरस्त्राण येते, आणि मागचा गुळगुळीत टायर बदलूनही पैसे उरतात. जिवाचीच काळजी असेल तर खरेदी तिथून सुरू व्हावी.

कायद्याचे मी शेवटी सांगतो, कारण धाकाने पटलेले फार दिवस टिकत नाही. १७५ सीसीच्या वरच्या मोटारसायकलीला ८० डेसिबेलची मर्यादा घालून देण्यात आली. डेसिबेलचे गणित आपल्या साध्या बेरजेचे नव्हे. १० वाढले म्हणजे ध्वनीची शक्ती दहापट, २० वाढले म्हणजे शंभरपट. २००० सालच्या ध्वनिप्रदूषणाच्या नियमांत वस्तीसाठी रात्रीची मर्यादा ४५ आहे, आणि शाळा, इस्पितळ, न्यायालय यांच्या भोवतीचे १०० मीटर शांतता क्षेत्र म्हणून धरता येतात. मोटार वाहन कायद्याच्या १९०(२) कलमात २०१९ च्या दुरुस्तीनंतर पहिल्याच गुन्ह्याला दहा हजारांपर्यंत दंड किंवा तीन महिन्यांपर्यंत कैद, किंवा दोन्ही, आणि परवाना तीन महिने बाद, अशी तरतूद आहे. आपल्या राज्यात कित्येक शहरांत पोलिसांनी जप्त केलेली नळकांडी रस्त्यावर ओळीने मांडून त्यांवरून रोलर फिरवला आहे. पोरांच्या कित्येक महिन्यांच्या कमाईचा तो चपटा पत्रा पाहून मला समाधान मुळीच वाटले नाही.

खरे कारण निराळेच आहे, आणि ते सांगण्यासाठीच मी लेखणी उचलली. माझी शाळा चढावर आहे. चढ आला की मूठ पिळली जाते. वर्गात मी कविता वाचत असतो. कडव्याचा शेवटचा शब्द मुलांच्या ओठांवर यायचा असतो, आणि खालून ती फटफट येते. चाळीस डोकी खिडकीकडे वळतात. गाडी जाते. मी पुन्हा कडव्याच्या आरंभाशी येतो, पण मुले पुन्हा येत नाहीत. घरी माझी आई अंथरुणाला खिळलेली आहे. तिला कशीबशी अकरा वाजता झोप लागते. साडेअकराला भाट्याच्या पुलाकडून कुणी जिवाची हौस करून परततो, आणि पहाटेपर्यंत ती छताकडे पाहत असते. त्या मुलाला हे ठाऊक नसते. तो काही दुष्ट नाही. पाच सेकंदांत तो आमच्या घरापुढून गेलेला असतो आणि त्याच्या लेखी काही घडलेलेच नसते.

यावर कुणी म्हणेल, मिरकरवाड्याला भल्या पहाटे होड्यांची इंजिने धडाडतात, त्यांचे काय? त्या आवाजावर मी तक्रार करणार नाही. त्याच्या टोकाला मासळी आहे, कुणाच्या चुलीवरचे भांडे आहे. बदललेल्या नळीच्या टोकाला काय आहे? तिचे मोल बाळूने नऊ हजार दिले असे त्याला वाटेल. उरलेले मोल रोज, विचारल्यावाचून, दुसऱ्यांकडून वसूल होत राहील.

हे सारे मी बाळूला सांगितले. तो शांतपणे ऐकत होता. मग म्हणाला, "सर, रागावू नका. पण गेल्या दिवाळीत तुमच्या दारात लड लागली होती ती मी पाहिली. तेव्हा आजी झोपल्या होत्या काय?"

लड माझ्या पुतण्याने लावली होती. आणली होती मी. सर्वोच्च न्यायालयाने २००५ साली रात्री दहा ते सकाळी सहा फटाक्यांना बंदी केली, तिच्या आधीच आम्ही ती वाजवली होती, असे मी म्हणू शकलो असतो. सण वर्षातून एकदा येतो, तुझी गाडी रोज येणार, असेही म्हणू शकलो असतो. आणि ते खोटे नव्हते. पण शेजारच्या घरात त्या संध्याकाळी कोण निजले होते, हे मीही विचारले नव्हते. विद्यार्थ्याने गुरूला पकडावे तसे त्याने मला पकडले, आणि मला त्याचा अभिमान वाटला.

तेव्हा यंदा आमच्या दारात भुईचक्रे असतील, अनार असतील, फुलबाज्या असतील, लड नसेल. पुतण्याची समजूत घालणे बाळूची घालण्याहून अवघड गेले, हेही नमूद करतो. आता बाळूची पाळी. पैसा त्याचा आहे, गाडी त्याची आहे, आणि सहा महिने तो माझ्या उत्तरासाठी थांबला हे त्याच्याकडे जमा आहे. उत्तर असे: घालू नकोस. नफा नाही, गाडी बिघडते, आणि ज्यांनी तुझे काही वाकडे केले नाही त्यांची झोप त्यात खर्ची पडते.

पाडव्याला फराळाला ये. कंपनीच्याच नळीतून आलास तरी वळणावर मला तुझी गाडी ओळखू येईल. माझे कान अजून शाबूत आहेत.