मक्याचे पाकीट आणि सुजलेले पाय

गेल्या महिन्यात ऐंशी वर्षांच्या एक आजी सुनेसह दवाखान्यात आल्या. हृदय अशक्त, पायांवर सूज, जिना चढताना दम. गोळ्या वेळेवर, जेवण अळणी. तरीही आठवड्यात वजन दोन किलोंनी वाढलेले. बरेच विचारल्यावर सून संकोचाने म्हणाली, "डॉक्टर, त्यांना जेवणाला चवच लागत नाही. म्हणून दुपारच्या चहाबरोबर मक्याच्या कुरकुरीत खाऊचे पाकीट देते. वेफर्सपेक्षा मका बरा ना?"

तसेच पाकीट मी मागविले आणि सावकाश चाखले. जिभेला प्रथम मीठ भेटले, कारण ते वरून भुरभुरलेले असते. मग आंबटपणा, मग मसाला. मक्याची स्वतःची गोडी अगदी शेवटी, तीही ओझरती. पदार्थ खमंग होता, हे मान्य करावयास हवे. वयोमानाने रुची आणि गंध मंदावतात. अशी ठसठशीत चव आजींना का भावते, हेही उमगले.

मग मागील तक्ता वाचला. १०० ग्रॅममध्ये सोडियम ८०० मिलिग्रॅम. या आकड्यास अडीचने गुणले की मीठ कळते: २ ग्रॅम. पाकीट ७५ ग्रॅमचे, म्हणजे दीड ग्रॅम मीठ. जागतिक आरोग्य संघटना प्रौढांना दिवसभरात ५ ग्रॅमहून कमी मीठ सुचविते. आजींच्या वाट्याचे बरेचसे मीठ चहालाच संपत होते. दोष मक्याचा नव्हता.

घरी कोवळ्या कणसाचा मऊ कीस करावा. लिंबू, जिरेपूड, कोथिंबीर यांनी मिठाची उणीव भासत नाही. लाह्यांची टरफले कवळीखाली अडकतात. गिळताना ठसका लागत असल्यास लाह्या टाळाव्यात. 'कमी सोडियमचे' मीठ मात्र डॉक्टरांना विचारल्याविना आणू नये. त्यात बहुधा पोटॅशियम असते. मूत्रपिंडाच्या रुग्णांस व रक्तदाबाच्या काही गोळ्या घेणाऱ्यांस ते अपायकारक ठरू शकते. हृदयरुग्णाचे वजन थोड्या दिवसांत दोन किलोंनी वाढल्यास पुढच्या तपासणीची वाट पाहू नये.

दहा दिवसांनी आजींच्या पायांत चपला बसू लागल्या. लघवीची गोळीही मी वाढविली होती, म्हणून सारे श्रेय पाकीट थांबविण्याला देत नाही. चार वाजताचा चहा आणि सुनेची सोबत मात्र तशीच आहे. ती कमी करण्यास मी सांगितलेले नाही.