मायक्रॉनची जाहिरात, मिलिमीटरचे वास्तव

संगणकनिर्देशित दंतरोपणाच्या बातमीमागोमाग ‘मायक्रॉनइतकी अचूकता’ हे शब्द हमखास येतात. तो आकडा त्रिमितीय छपाईयंत्राचा असतो; रुग्णाच्या जबड्याशी त्याचा संबंध फार दूरचा. ही गल्लत अज्ञानातून कमी आणि सोयीपोटी अधिक होते.

सर्जिकल गाइड म्हणजे दातांवर किंवा हिरडीवर बसणारा, ड्रिलला दिशा देणारा साचा. सीबीसीटी चित्रण, तोंडाचे स्कॅनिंग, संगणकावर दोहोंची जुळणी, छपाई, साचा तोंडात बसवणे, ड्रिल व स्लीव्ह यांच्यातील फट: प्रत्येक पायरी आपली चूक पुढचीच्या पदरात टाकते. 2018 साली प्रसिद्ध झालेल्या एका पद्धतशीर आढाव्यात 471 रुग्णांमधील 2,238 इम्प्लांटांचा विचार झाला. नियोजित जागेपासूनचे सरासरी विचलन हाडात शिरताना 1.2 मिलिमीटर, टोकाशी 1.4 मिलिमीटर आणि कोनात 3.5 अंश भरले. एवढ्या कोनाने 10 मिलिमीटर लांबीच्या इम्प्लांटचे टोक सुमारे 0.6 मिलिमीटर सरकते. त्याच प्रमुख अभ्यासकाच्या 2014 च्या आढाव्यात टोकाशी कमाल विचलन 7.1 मिलिमीटर होते! खालच्या ओठाला संवेदना देणारी नस सरासरीने वाचत नाही. म्हणूनच नियोजनात 2 मिलिमीटर अंतर राखण्याची शिफारस आहे. बातम्यांत मात्र ती क्वचितच दिसते.

गाइडविना, नुसत्या हाताने केलेले रोपण याहून अधिक चुकते, हे मान्यच. पण एकही दात नसलेल्या जबड्यात साचा टेकतो तो दबणाऱ्या हिरडीवर, आणि तिथे अचूकता घटते. हिरडी न उघडता रोपण करण्याचे आमिष बहुधा याच वृद्ध रुग्णांना दाखवले जाते. हाड दिसत नसताना झालेली चूक कळणार कशी?

या प्रश्नाला चंदीगडसारखे दुसरे योग्य शहर नाही. 1959 साली स्थापन झालेली सीएसआयओ ही वैज्ञानिक उपकरणांची राष्ट्रीय प्रयोगशाळा तिथे आहे. पीजीआयचे मुखआरोग्य केंद्र आणि पंजाब विद्यापीठाची दंतविज्ञान संस्थाही तिथेच. मापनाचे शास्त्र आणि रुग्ण काही किलोमीटरांच्या आत असताना छपाईयंत्राच्या माहितीपत्रकावर विसंबणे अक्षम्य ठरेल. प्रत्येक गाइडसोबत केवळ सरासरी नको. कमाल विचलन, साचा कशावर टेकला होता आणि रोपणानंतरचे प्रत्यक्ष मोजमाप जाहीर व्हावे. त्यासाठी दर वेळी नवे सीबीसीटीही लागत नाही. इम्प्लांटवर स्कॅनबॉडी बसवून तोंडाचे स्कॅनिंग केले की नियोजनाशी तुलना करता येते, किरणोत्साराविना.