उलटा का करायचा, बाई?

अपूर्णांकांचा भागाकार शिकवताना फळ्यावर मी दरवर्षी एकच वाक्य लिहीत असे : 'दुसरा अपूर्णांक उलटा करून गुणा.' एका वर्षी सहावीतल्या एका मुलीनं विचारलं, "पण बाई, उलटा का करायचा?" मी म्हटलं, "तसा नियम आहे." ती गप्प बसली. मला मात्र त्या रात्री जेवण गोड लागलं नाही.

माझ्या बी.एड.च्या अध्यापन पद्धती मराठी आणि इतिहास. गणित एस.एस.सी.नंतर सुटलेलं. शाळेत शिक्षक कमी, म्हणून ते माझ्या गळ्यात पडलं. दुसऱ्या दिवशी मधल्या सुट्टीत मी आमच्या गणिताच्या सरांना विचारलं. ते बी.एस्सी., बी.एड. तेही म्हणाले, "नियमच आहे तो!" म्हणजे उणीव माझ्या एकटीची नव्हती. पाठटाचण कसं काढायचं, फळा कसा वापरायचा, हे आम्हा दोघांनाही शिकवलं होतं. पण सहावीचंच गणित पुन्हा एकदा 'का' विचारत कोणी शिकवलं नव्हतं. ते आम्हाला येतंच, असं सगळ्यांनी गृहीत धरलेलं.

निवृत्तीनंतर लिपिंग मा यांच्या १९९९ सालच्या पुस्तकाविषयी वाचलं आणि हे सगळं आठवलं. या बाई मूळच्या चीनमधल्या प्राथमिक शिक्षिका, पुढे अमेरिकेत पीएच.डी. झाल्या. २३ अमेरिकन आणि ७२ चिनी शिक्षकांना विचारलेल्या प्रश्नांवर त्यांचं पुस्तक आहे. त्यातला एक प्रश्न : पावणेदोन भागिले अर्धा किती, आणि त्यावर एक शाब्दिक उदाहरण तयार करा. उत्तर सगळ्या चिनी शिक्षकांना आलं, अमेरिकनांपैकी निम्म्यांनाही पूर्ण आलं नाही. शाब्दिक उदाहरण तर त्यांच्यातल्या एकालाच अर्थाला धरून जमलं. गंमत म्हणजे अमेरिकन शिक्षक पदवीधर, आणि चिनी बहुतेक जण नववीनंतर दोन-तीन वर्षं अध्यापक विद्यालयात शिकलेले. पण ते शाळेत एकत्र बसून पाठ्यपुस्तकाचा बारकाईनं अभ्यास करत.

मी स्वयंपाकघरात उदाहरण करून पाहिलं. पावणेदोन लिटर दूध, अर्ध्या लिटरच्या पिशव्या किती? तीन भरल्या, पाव लिटर उरलं. ते अर्धी पिशवी भरतं. उत्तर साडेतीन. एका लिटरात दोन पिशव्या, म्हणून दोननं गुणायचं. 'उलटा करा' याचा अर्थ एवढाच! पावकी-निमकी म्हणत वाढलेल्या मला हे सत्तरीत कळावं?

मुंबईत टाटा मूलभूत संशोधन संस्थेनं १९७४ साली होमी भाभा विज्ञान शिक्षण केंद्र सुरू केलं. तिथे गणित-शिक्षणावर पीएच.डी.पर्यंतचं संशोधन होतं, मुलांना अपूर्णांक कसे समजतात यावरही झालं आहे. केंद्राची काही पुस्तकं मराठीत आहेत. पण शोधनिबंध बहुतेक इंग्रजीत, आणि तालुक्याच्या शाळेतली शिक्षिका तिथवर पोचणार कशी? बी.एड. २०१५ पासून दोन वर्षांचं झालं, आता बारावीनंतरचा चार वर्षांचा अभ्यासक्रमही आला आहे. माझं म्हणणं एवढंच, की नुसती वर्षं वाढवून भागणार नाही. पाचवी ते आठवीचं गणित होणाऱ्या शिक्षकांकडून पुन्हा करून घ्या, प्रत्येक नियमामागचं कारण विचारा. आणि संशोधन करणाऱ्यांनी ते मराठीत, आमच्या हाती पडेल असं लिहावं.

कोणी म्हणेल, आधी पाठ होऊ द्या, कारण मागाहून कळेल. पाठांतराला माझा विरोध नाही, आमचे पाढे आयुष्यभर उपयोगी पडले. मुलानं पाठ करावं हो, पण शिक्षकाला कारण माहीत हवंच. नाहीतर 'मागाहून' कधी येतच नाही.

ती मुलगी आता पन्नाशीला आली असेल. तिला दुधाच्या पिशव्यांचा हिशोब सांगायचा राहूनच गेला. असो. तुमच्यापैकी कोणी आज वर्गात गणित शिकवत असेल, तर कृपा करून 'तसा नियम आहे' म्हणू नका.